विरळ सावलीची पहाट

चंद्रग्रहणाचा एक प्रकार असा आहे, की पंचांग त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही. त्याला छायाकल्प चंद्रग्रहण म्हणतात. त्याचे वेध पाळायचे नसतात, मोक्षाचे स्नान नसते, पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र पडत नाही आणि गरोदर सुनेला 'आज विळी हातात घेऊ नकोस' असे कुणी बजावत नाही. पौर्णिमेचा चंद्र आकाशात गोलच्या गोल असतो. त्याला कुठेही खाच पडत नाही, तो तांबडा होत नाही. फक्त त्याची एक बाजू थोडी मळल्यासारखी दिसते आणि काही वेळाने पुन्हा उजळते. जे बहुतेकांना दिसतच नाही त्याचा विधी कशाला, हा पंचांगकर्त्यांचा विचार व्यवहाराला धरूनच आहे.

तरीही मला वाटते, की सकाळी मनात घोळवण्याजोगे ग्रहण कोणते असेल तर ते हेच. खग्रास ग्रहण आपल्याला बोलावून घेते. गच्च्यांवर गर्दी जमते, वाहिन्यांवर चर्चा रंगते. छायाकल्प ग्रहण कुणाला बोलावत नाही. ज्याला पाहायचे असेल त्याने आपणहून जागे राहावे, आपणहून पाहावे आणि पाहिलेले खरे की भास हेही आपणच ठरवावे. एकूण चंद्रग्रहणांपैकी एक तृतीयांशाहून थोडी अधिक ग्रहणे या प्रकारची असतात. आयुष्यभरात अशी कितीतरी ग्रहणे आपल्या डोक्यावरून गेलेली असतात आणि आपण त्या रात्री शांत झोपलेलो असतो.

११ फेब्रुवारी २०१७च्या पहाटे असे एक ग्रहण होते, आणि तेव्हा मी जैसलमेरला होतो. थरच्या वाळवंटातले हे शहर. वर्षभरात इथे दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. रावल जैसल याने ११५६मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला. पिवळ्या वालुकाश्माचा तो किल्ला आजही नांदता आहे. त्याच्या आत घरे आहेत, देवळे आहेत, दुकाने आहेत. माघ पौर्णिमेला इथल्या मरू महोत्सवाची सांगता होते. तीन दिवस उंट, फेटे, लंगा आणि मांगणियार गायकांचे सूर यांनी गाव भरलेले असते. ती रात्र सरत आली होती, माणसे झोपली होती, आणि उतरत्या चंद्रावर पृथ्वीची विरळ सावली पडायला लागली होती. ती पाहायला मी गावाबाहेर पश्चिमेच्या उघड्या माळावर जाऊन उभा राहिलो.

ही विरळ सावली म्हणजे काय, ते जैसलमेरच्या किल्ल्यापाशीच चांगले कळते. सकाळच्या उन्हात बुरुजाच्या माथ्याची सावली जवळच्या भिंतीवर पडली तर तिची कड नेमकी दिसते. तीच सावली दूर माळावर पडली की कड विरघळते. ऊन कुठे संपले आणि सावली कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. कारण सूर्य हा एक बिंदू नाही. आकाशात त्याला सुमारे अर्ध्या अंशाची रुंदी आहे. जिथून सूर्याचे सगळे बिंब झाकले जाते तिथे गडद सावली पडते, आणि जिथून थोडे झाकलेले, थोडे उघडे दिसते तिथे विरळ सावली. पृथ्वीचेही असेच आहे. तिची गडद सावली अवकाशात निमुळती होत सुमारे चौदा लाख किलोमीटरपर्यंत जाते. त्या गडद सावलीभोवती विरळ सावलीचे कडे असते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तिथे या कड्याची रुंदी जवळजवळ चंद्राच्या व्यासाएवढीच भरते. म्हणून गडद सावलीला न शिवता पूर्ण चंद्र फक्त विरळ सावलीत मावण्याचे योग फार थोडे येतात. त्या पहाटेचा योग त्याच्या अगदी जवळ आला होता. चंद्राच्या व्यासाचा जवळजवळ ९९ टक्के भाग विरळ सावलीत गेला, आणि चंद्राची उत्तरेकडची कड गडद सावलीला थोडक्यात चुकवून गेली.

चंद्राने विरळ सावलीत पाऊल टाकले ते भारतीय वेळेनुसार पहाटे चार वाजून चार मिनिटांनी. ही वेळ गणिताला ठाऊक असते. डोळ्याला त्या क्षणी काहीच कळत नाही. सव्वाचारला नाही, साडेचारला नाही. चंद्र तसाच झळझळीत असतो आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका येऊ लागते, की आपण उगाच थंडीत कुडकुडतो आहोत का. चंद्राचा निम्म्याहून बराच जास्त भाग सावलीत गेल्यावरच साध्या डोळ्याला फरक कळू लागतो. तोवर ग्रहण चालू असते आणि दिसत नसते. साडेपाचच्या सुमारास मला पहिल्यांदा वाटले, की बिंबाचा वरचा भाग पूर्वीसारखा नाही. 'वाटले' हाच तिथे योग्य शब्द. पाहिले म्हणावे इतकी खात्री अजून नव्हती.

ही खात्री न येण्याचे आणखी एक कारण होते. चंद्र मावळतीकडे झुकत होता. ग्रहण ऐन भरात आले ते सहा वाजून चौदा मिनिटांनी, आणि तेव्हा चंद्र पश्चिम क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंश वर होता. डोक्यावरच्या चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत सरळ, थोड्या हवेतून येतो. क्षितिजावर टेकलेल्या चंद्राचा प्रकाश त्याच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. त्या हवेत वाळवंटाची बारीक धूळ असते. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि चंद्र पिवळट, मग तांबूस दिसू लागतो. म्हणजे मावळता चंद्र ग्रहण नसतानाही मंदच होतो. मग समोर दिसणारा मंदपणा सावलीचा म्हणायचा की धुळीचा?

माळाच्या कडेला एका चहावाल्याने शेगडी पेटवली होती. वयस्क माणूस, डोक्याला लाल फेटा, अंगावर घोंगडी. मी इतका वेळ आकाशाकडे काय बघतो आहे, याचे त्याला कुतूहल वाटले. मी म्हणालो, "काकासा, चाँद को गिरहण है. ध्यान से देखो तो दिखेगा." त्याने हाताचा आडोसा धरून चंद्राकडे बराच वेळ पाहिले. मी विचारले, "कहीं ये रेत की वजह से तो नहीं?" तो मान हलवत म्हणाला, "ना सा. रेत नीचे से चढ़ती है. ये तो ऊपर से मैला है."

माझ्या शंकेचे उत्तर त्या एका वाक्यात होते. धूळ क्षितिजालगत दाट असते, वर जावे तशी विरळ होते. ती चंद्राला मळवते ते खालून. त्या पहाटेचा चंद्र वरच्या उजव्या अंगाला करडा होता, आणि खालचे डावे अंग, जे धुळीच्या अधिक जवळ होते, ते अजून उजळ होते. गणितही हेच सांगत होते. चंद्र सावलीच्या केंद्राच्या दक्षिणेकडून जात होता, त्यामुळे त्याची उत्तरेची बाजू अधिक झाकली जायची होती. आणि पश्चिमेला मावळणाऱ्या चंद्राची उत्तर बाजू आपल्याकडून वर-उजवीकडे येते. ज्याने सगळे आयुष्य धुळीत काढले आहे त्याला हे समजायला गणित लागले नाही. धुळीचे वागणे त्याला पक्के माहीत होते, म्हणूनच धूळ नसलेले काहीतरी त्याने लगेच ओळखले. मंदपणा किती आहे यावर आमचे दोघांचेही लक्ष गेले नव्हते, तो कोणत्या बाजूने आला आहे याकडे गेले होते, आणि त्यामुळेच उलगडा झाला.

या गोष्टीचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. ओळखीचे, मायेचे एखादे माणूस पूर्वीसारखे उजळ दिसेनासे होते. फोनवरचे बोलणे आखूड होते, हसणे उशिरा येते, भेट झाली तरी काहीतरी निसटल्यासारखे वाटते. अशा वेळी आपण घाईने ठरवून टाकतो, की हा बदलला, हिला आता आपली गरज राहिली नाही. पण आपण त्याच्याकडे कोणत्या हवेतून पाहतो आहोत, हे तपासत नाही. मधल्या काळातले गैरसमज, तिसऱ्याने सांगितलेल्या गोष्टी, आपला स्वतःचा थकवा, आपल्या मनातला जुना हिशेब ही सगळी धूळ आपल्या आणि त्याच्या मध्ये साठलेली असते. ती त्याच्यावर नसते. आपल्या क्षितिजावर असते. तो जितका दूर आणि जितका कलता, तितकी ती जास्त जाड होत जाते. त्या धुळीपोटी त्याला दोष देणे हा अन्याय आहे.

उलटही होते, आणि ते अधिक दुःखाचे. एखाद्यावर खरोखरीच सावली पडलेली असते. आजार असतो, कर्ज असते, कुणाला सांगता न येणारी काळजी असते. आणि आपण म्हणतो, 'काही नाही, वयच झाले आहे', 'हल्ली सगळ्यांचेच असे असते'. म्हणजे सावलीला आपण धूळ म्हणून सोडून देतो. कड नसलेली सावली अशीच निसटते. ती कुठल्या दिवशी सुरू झाली हे सांगता येत नाही, म्हणून ती आहे यावरच आपला विश्वास बसत नाही. खाच पडली असती तर सगळे धावून आले असते. रंग उतरतो तेव्हा मात्र वाट पाहिली जाते.

ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे शहर वसले आहे, त्याचीही कहाणी काहीशी अशीच आहे. त्याने वेढे पाहिले, लढाया पाहिल्या, आणि कोरड्या हवेत तो शतकानुशतके उभा राहिला. त्याला खरी इजा झाली ती पाण्याने. नळाचे पाणी घराघरांत आले, वापर वाढला, जुन्या व्यवस्थेला तो भार पेलेना आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात झिरपू लागले. झिरपण्याला आवाज नसतो. बुरुजांचे काही भाग ढासळले तेव्हा सगळ्यांना धोका दिसला. १९९६मध्ये जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव गेले, आणि २०१३मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा ठरला. पाणी मुरत होते त्या वर्षांत किल्ला पाहायला येणाऱ्यांना तो तसाच सोन्यासारखा दिसत असणार. ज्यांच्या घरच्या भिंतीला ओल आली, त्यांना ते आधी कळले असणार. मंद बदलाची पहिली खबर नेहमी जवळ राहणाऱ्यालाच लागते. म्हणून जवळ राहणाऱ्याने सांगितलेले ऐकून घेतले पाहिजे, त्याच्याजवळ पुरावा नसला तरी.

साडेसहानंतर पूर्वेकडे उजाडू लागले. चंद्र आता खाली आला होता आणि त्याचा झगझगाट कमी झाला होता. गंमत अशी, की त्यामुळेच वरच्या बाजूचा करडेपणा अधिक नीट कळत होता. भर मध्यरात्रीचा पूर्णचंद्र डोळे दिपवतो. इतक्या उजेडात थोडी कमी-जास्त छटा हरवून जाते. उतरत्या चंद्राकडे मात्र टक लावून पाहता येते. सात वाजायला आले आणि पश्चिम क्षितिजावर एक निळसर राखाडी पट्टा दिसू लागला. त्याच्यावर फिकट गुलाबी रंगाची दुसरी पट्टी होती. निरभ्र पहाटे आणि संध्याकाळी सूर्याच्या समोरच्या क्षितिजावर हा पट्टा रोज असतो. वाळवंटात क्षितिज उघडे असल्याने तो स्पष्ट दिसतो, आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावरून किंवा एखाद्या गडाच्या माथ्यावरूनही दिसतो. पुष्कळांना तो धुके किंवा दूरचे ढग वाटतो.

तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्याच हवेवर पडलेली.

सूर्य अजून क्षितिजाखाली असतो. त्याचे किरण उंचावरच्या हवेला लागलेले असतात, पण पश्चिमेकडची खालची हवा अजून पृथ्वीच्या सावलीत असते. सूर्य जसजसा वर येतो तसतसा तो पट्टा खाली सरकतो आणि मावळून जातो. हीच सावली पुढे अवकाशात लांबत जाते आणि चंद्रापर्यंत पोचते. त्या पहाटे पट्टा आणि चंद्र एकमेकांशेजारी होते. एकाच सावलीचे जवळचे टोक आणि दूरचे अंग एका नजरेत मावत होते. एकाला आपण ग्रहण म्हणतो, त्याची तारीख आधी छापतो. दुसरे रोज दोनदा आपल्यासमोर येते आणि त्याला आपल्या बोलण्यात जागासुद्धा नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९च्या सुमारास लिहून ठेवले, की चंद्राला झाकते ती पृथ्वीची मोठी सावली. दीड हजार वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान आपल्या घरात आहे. तरी त्या माळावर उभे राहून पट्टा आणि चंद्र एकत्र पाहिले तेव्हाच मला ते अंगात भिनल्यासारखे वाटले, की ही सावली ज्या पृथ्वीची आहे तिच्यावर मी उभा आहे. चंद्राच्या बाजूने काहीही कमी झालेले नव्हते.

धूळ आणि सावली यांच्यातला फरक ओळखला, म्हणजे काम संपले असे नाही. त्यापुढे विचारायचा प्रश्न हा, की ही सावली कुणाची? आपल्या माणसावर पडलेली सावली कधी नशिबाची असते, कधी काळाची. आणि कधी ती आपली असते. घरात एकाच्या कर्तृत्वाचा इतका विस्तार होतो, की दुसऱ्याच्या वाट्याला येणारा उजेड अडतो. मोठ्या भावाच्या मार्कांच्या सावलीत धाकटा वाढतो. नवऱ्याच्या बदल्यांच्या सावलीत बायकोचे गाणे थांबते. संस्था उभी करणाऱ्याच्या सावलीत पुढची पिढी मिटून जाते. यात कुणी दुष्ट नसतो. पृथ्वीही चंद्राचे वाईट चिंतत नाही. ती फक्त मध्ये असते. आपण मध्ये आहोत हे आपल्याला दिसत नाही, कारण उजेड आपल्या तोंडावर असतो आणि सावली पाठीमागे. ती दिसायला मागे वळून पाहावे लागते. त्या पहाटे सगळे लोक उगवतीकडे तोंड करून दिवसाची वाट पाहत होते; सावली पाहायची तर मावळतीकडे तोंड करावे लागत होते.

या ग्रहणात एक मोठा दिलासाही आहे, आणि तो समजण्यासाठी आपण कल्पनेने चंद्रावर जायला हवे. आपल्याला इथून जे छायाकल्प चंद्रग्रहण दिसते, ते तिथून खंडग्रास सूर्यग्रहण असते. चंद्राच्या आकाशात पृथ्वीचे बिंब सूर्याच्या जवळजवळ चौपट रुंद दिसते, आणि ते काळे बिंब सूर्यासमोर हळूहळू सरकते. त्या पहाटे सहा वाजून चौदा मिनिटांनी चंद्राच्या उत्तर कडेवर कुणी उभा असता तर त्याला सूर्याची बारीकशी कोर तेवढी दिसली असती. दक्षिण कडेवरच्या माणसाला सूर्य अखंड दिसला असता. म्हणजे पूर्ण ग्रहणकाळात, चार तास एकोणीस मिनिटांत, चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर असे एकही ठिकाण नव्हते जिथून सूर्य पृथ्वीआड पूर्णपणे दिसेनासा झाला. कुठे जास्त, कुठे कमी, पण उजेड प्रत्येक जागी पोचत होता. विरळ सावलीचा हा स्वभावच आहे. तिच्यात असलेल्याला सूर्य दिसत राहतो.

मंदावलेल्या माणसाशी बोलताना मी हे लक्षात ठेवायचा प्रयत्न करतो. त्याचा उजेड विझला असे गृहीत धरून आपण बोलू लागलो, तर आपल्या बोलण्यात कीव येते आणि तो आणखी मिटतो. त्याला अजून थोडा सूर्य दिसतो आहे, हे धरून बोलावे. काय आवडते आहे, काय वाचतो आहेस, सकाळी उठून पहिले काय करावेसे वाटते, असे विचारावे. ज्या बाजूला उजेड आहे तिथून सुरुवात केली की झाकलेल्या बाजूबद्दल तो आपणहून सांगतो. आणि सावली आपली असेल, तर बाजूला होण्यासाठी फार मोठा त्याग लागतो असेही नाही. पुष्कळदा थोडे सरकले तरी पुरते. धाकट्याच्या गोष्टीत थोरल्याचे नाव न काढणे, बायकोच्या रियाजाच्या वेळेला घरातला दूरचित्रवाणी संच बंद ठेवणे, पुढच्या पिढीने घेतलेला निर्णय आपल्याला पटला नाही तरी एकदा त्यांच्या पद्धतीने होऊ देणे. चंद्र आपल्या गतीने सावलीतून बाहेर पडतो. माणसाला मात्र कधी कधी आपल्याकडून वाट मिळावी लागते.

साडेसातच्या सुमारास चंद्र मावळला. तोवर पाठीमागे सूर्याची कड वर आली होती. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते, त्यामुळे काही मिनिटे समोरासमोरची दोन्ही बिंबे एकाच वेळी आकाशात होती. गणिताने पाहिले तर त्यांतले एक आधीच खाली गेलेले असते आणि दुसरे अजून वर यायचे असते. ग्रहण मात्र संपलेले नव्हते. ते आठ वाजून तेवीस मिनिटांपर्यंत चालायचे होते, जैसलमेरच्या क्षितिजाखाली. म्हणजे मला त्याची सुरुवात दिसली नाही आणि शेवटही दिसला नाही. जे दिसले ते मधले होते. आपल्या माणसांच्या बाबतीतही बहुधा हेच आपल्या वाट्याला येते. त्यांच्या दुःखाचा आरंभ आपल्याला कळत नाही, आणि ते पूर्ण ओसरले का, हे पाहायला आपण प्रत्येक वेळी तिथे नसतो. तेवढ्याने हताश व्हायचे कारण नाही. मधल्या वेळेत आपण पाहिले, नीट पाहिले, धुळीला सावली आणि सावलीला धूळ म्हटले नाही, एवढे आपल्या हातात असते आणि तेवढे करता येते.

पुन्हा असा योग माघ पौर्णिमेलाच आहे. २१ फेब्रुवारी २०२७च्या पहाटे छायाकल्प चंद्रग्रहण होईल, पावणेपाचच्या सुमारास ते भरात असेल, आणि त्यानंतर चंद्र मावळतीकडे कलेल. महाराष्ट्रातूनही ते दिसेल. त्यासाठी वाळवंटात जायला नको, दुर्बीणही नको. पश्चिम मोकळी दिसेल अशी गच्ची, टेकडी किंवा शेताचा बांध पुरे. घरातल्या एखाद्याला बरोबर उठवा. बिंबाच्या दोन बाजूंची एकमेकींशी तुलना करा, आणि मंदपणा खालून चढतो आहे की वरून उतरतो आहे, ते दोघांनी मिळून ठरवा. एकाला दिसले नाही तर दुसऱ्याने घाई करू नये. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो.

तोपर्यंत आजची सकाळ आहे. आज दिवसभरात कुणीतरी आपल्याला नेहमीपेक्षा फिके दिसेल. त्याच्याविषयी मत बनवण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारू या. मध्ये धूळ आहे का? सावली असेल तर ती कोणत्या बाजूने पडली आहे? आणि ती माझी तर नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर आजच्या आज थोडे सरकू या.